अडीच तासांचं पेट्रोल

१

माजलगावच्या धरणावर हौसेनं मासे धरायला येणाऱ्या माणसांना बंकट होडीत पाय ठेवण्याआधी चार गोष्टी सांगायचा. जड माणसानं मधे बसायचं. मासा केवढाही लागो, उभं राहायचं नाही. पाण्यात पडलेल्याला बाजूनं वर ओढायचं नाही, होडी उलटते. मागच्या फळीकडून घ्यायचं. आणि इंजिन चालवणाऱ्यानं लाल दोरी मनगटात अडकवल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही. दोरीचं एक टोक मनगटाला, दुसरं इंजिनाच्या बटणाला. माणूस पडला की दोरी ओढली जाते, बटणाखालची चाप निसटते आणि इंजिन तिथल्या तिथं बंद पडतं. पडलेल्या माणसाला टाकून होडी पुढं जात नाही.

बीड-परळीहून आलेली माणसं मान डोलवायची आणि फोटो काढायला लागायची. मागं इंजिनापाशी बसलेला सोमेश्वर, बंकटचा धाकटा भाऊ, हसून म्हणायचा, "सुटली का शाळा, दादा? जाऊ का आता?" आणि हसता हसता लाल दोरी मनगटात घालायचा.

बारा दिवस झाले, बंकटनं ही शाळा कुणाची घेतली नव्हती.

पौषातलं धुकं पाण्यावर बसलं होतं. शेडच्या दारातून दहा पावलांवर बांधलेली होडीसुद्धा दिसत नव्हती. आत लाकडी घोडीवर सोमेश्वरच्या होडीचं इंजिन उघडं पडलं होतं. कार्बोरेटर रॉकेलच्या वाटीत, दोन्ही प्लग वर्तमानपत्रावर, पंखा भिंतीला टेकवून ठेवलेला. दुरुस्त करायचं म्हणून बंकटनं ते खोललं नव्हतं. हातांना दुसरं काही सुचत नव्हतं, एवढंच.

नऊ वाजले असतील. पाण्यावरून इंजिनाचा आवाज आला.

त्यानं मान वर केली नाही. कुणीतरी जाळी काढायला निघालं असेल. मग त्याच्या हातातला पाना हळूहळू थांबला. चार ठोके सरळ, पाचवा गिळलेला. चार सरळ, पाचवा गिळलेला. त्या धरणावरचं कुठलंही इंजिन बंकट डोळे मिटून ओळखायचा, आणि हा गिळलेला ठोका तर त्यानं सहा वर्षं ऐकला होता. खालचं सिलिंडर कमजोर होतं त्या इंजिनाचं.

त्यानं समोरच्या उघड्या इंजिनावर तळहात ठेवला. लोखंड थंडगार होतं.

बाहेर ते इंजिन चालूच होतं.

२

सोमेश्वर गेला तो मंगळवार होता. रविवारी परळीची काही मंडळी गळ टाकायला येणार होती, म्हणून मासा कुठं बसलाय ते बघून येतो म्हणाला. सकाळी नऊला एकटाच निघाला. बंकटनंच टाकीत सहा लिटर पेट्रोल ओतलं, मापानं ऑइल मिसळलं, टाकी हलवली, झाकणाचा हवेचा स्क्रू ढिला केला. निम्म्या गतीनं चाललं तर सहा लिटर अडीच तास पुरायचं.

इंजिन त्या आठवड्यात सारखं मधेच बंद पडत होतं. सोमेश्वरनं विचारलं, "दादा, सापडला का फॉल्ट?"

"सापडला. आता मधेच बंद पडायचं न्हाई," बंकट म्हणाला.

सोमेश्वरनं लाल दोरी मनगटात घातली, इंजिनाची दोरी एकदाच ओढली आणि गेला.

दुपारी नाथाला ती होडी पलीकडच्या काठाला वाहत जाऊन बेशरमाच्या झुडपांत अडकलेली सापडली. नाथा त्यांचा जुना शेजारी, जाळ्याचा धंदा करणारा. गियर पुढच्या बाजूला टाकलेला, टाकी कोरडी. गळ जागेवर, चपला जागेवर, भाकरीचं फडकं न सोडलेलं. माणूस तेवढा नव्हता.

शोधपथक आलं. चार दिवस आकडे फिरवले, पाण्यात कॅमेरे सोडले. पाचव्या दिवशी, बॉडी आपोआप वर येईल, असं सांगून ती माणसं गेली. वर काही आलं नाही. नातलगांनी दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायचं काढलं, तेव्हा सोमेश्वरची बायको उज्ज्वला सगळ्यांसमोर म्हणाली, "माणूस डोळ्यांनी बघितल्याबिगर मी काई करू द्यायची न्हाई." तिनं बांगड्या उतरवल्या नाहीत, कपाळ पुसलं नाही. घरात रडणं झालं, पण सुतक कुणी धरलं नाही. ना धड मरण, ना धड वाट बघणं, असं ते घर अधांतरी लटकत राहिलं.

जो भेटेल तो एकच विचारायचा. एवढा पट्टीचा पोहणारा, तो बुडलाच कसा? सोमेश्वर एका दमात अर्धं धरण ओलांडायचा. पाण्यानं त्याला मारणं शक्य नाही, असं लोक म्हणायचे आणि बंकटकडे बघायचे. बंकट मान हलवायचा. त्याला उत्तर माहीत होतं. होडी हाती आली त्याच संध्याकाळी त्याला ते कळलं होतं, आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

३

"आज कुणी काढलंय बे इंजिन? एवढ्या धुईत?"

नाथा दारात उभा होता. बंकटला एकदम हलकं वाटलं. म्हणजे आवाज आपल्या डोक्यात नाही, बाहेर आहे. दुसऱ्या क्षणी तोच विचार उलटून अंगावर आला. आवाज बाहेर आहे.

"तुला ऐकू येतंय?"

"बहिरा हाय का मी? कवाचं घुरघुरतंय." नाथा काठाकडे गेला, होड्या मोजून परत आला. "सातीच्या साती हायत. पल्याडचं असंल कुणी."

बंकटनं स्वतःला समजावलं. धुक्यात पाण्यावरून आवाज फार लांबून येतो. धरणाच्या भिंतीवर आपटून फिरतो, भलत्याच दिशेनं येतोय असं वाटतं. उसाच्या मळ्यात पंप असतात. तो उठला, शेड लावली आणि काठाकाठानं पंपापर्यंत चालत गेला. पंप विजेचा होता आणि सकाळपासून लाईट नव्हती. आवाज मात्र त्याच्या डाव्या हाताला पाण्यात तसाच होता. थोडा जवळ यायचा, थोडा लांब जायचा, पुन्हा जवळ.

साडेअकराला ते इंजिन खोकलं. दोनदा, तीनदा. मग विझलं.

दुसऱ्या दिवशीही नऊला. त्या दिवशी बंकटनं इंजिनाचे दोन्ही प्लग खिशात घातले होते आणि मूठ आवळून बसला होता. साडेअकराला खोकला, आणि शांत.

दोन्ही दिवस त्यानं मनगटावरच्या घड्याळात वेळ धरली होती. नऊ ते साडेअकरा. एक मिनिट इकडं नाही, एक मिनिट तिकडं नाही. आणि तो खोकला तर त्याच्या चांगलाच ओळखीचा होता. पेट्रोल संपत आलं, नळीत हवा शिरली, की इंजिन असं खोकतं.

सहा लिटर.

 बंकट घोडीपाशी खाली बसला. समोर, इंजिनाच्या पोटात, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेलं वायरीचं टोक लोंबत होतं.

फॉल्ट त्या लाल दोरीच्या स्विचमध्येच होता. स्विच गंजला होता, जरा धक्का बसला की आपोआप इंजिन बंद करायचा. नवा स्विच मागवायला लागणार होता, आणि रविवारी तर माणसं यायची होती. म्हणून बंकटनं स्विचची वायर काढून टाकली आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळली. दोरी होती तिथंच राहिली, बटण होतं तिथंच राहिलं. फक्त त्यांचा इंजिनाशी काही संबंध उरला नाही. सोमेश्वरला हे सांगायला हवं होतं. त्या दिवशी सकाळी सांगू, मग आल्यावर सांगू, असं करत ते राहून गेलं.

होडी सापडली तेव्हा बटणाखालची चाप निसटलेली होती. म्हणजे सोमेश्वर पडला तेव्हा त्याच्या मनगटाला दोरी होती. दोरीनं तिचं काम केलं होतं.

४

उज्ज्वला रोज दुपारी भाकरी घेऊन यायची. तिसऱ्या दिवशी ती अकरालाच आली. डोक्यावरून पदर, चेहरा वाळलेला. भाकरीचं फडकं तिनं दारात ठेवलं आणि आत आली. मोठ्या दिरासमोर एरवी ती दाराच्या आत पाऊल टाकत नसे.

"दादा, मला कावून सांगितलं न्हाई?"

बंकट उठून उभा राहिला. "काय?"

"ह्यांचं इंजिन चालू हाय."

त्यानं घोडीवरच्या सांगाड्याकडे बोट दाखवलं. "हे बघ. त्याचं इंजिन हे. खोलून ठिवलंय मी."

"ते दिसतंय मला." तिनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. "सहा वर्सं झाली, ह्या आवाजावर मी तवा ठिवती. आवाज वळणाला आला की पीठ घ्यायचं, काठाला आला की पहिली भाकरी टाकायची. मला तुमी इंजिन दाखवू नका."

दोघं ऐकत राहिले. चार ठोके सरळ, पाचवा गिळलेला.

"परवापास्नं येतोय आवाज," ती म्हणाली. "मला वाटलं, माझंच डोस्कं फिरलं. आज नाथाभाऊ बोलले म्हणून कळलं. तुमाला पयल्या दिशीपास्नं म्हाईत हाय. तुमी बघाय गेला न्हाईत?"

"धुईत कुठं जाऊ, उज्ज्वला? काय दिसायचंय?"

"उद्या मला घिऊन चला."

"अगं, पण..."

"तुमी न्हेलं न्हाई तर नाथाभाऊला म्हणंन. त्यांनीबी न्हेलं न्हाई तर मी पाण्यात चालत जाईन. माझं काय जायचं राह्यलंय?" तिचा आवाज चढला नव्हता. पंधरवड्यापासून झोप नसलेल्या माणसाचा सपाट आवाज होता तो. "दादा, माणूस जिता हाय का मेला, एवढं तरी कळू द्या मला. ह्या दोन्हीच्या मधी मला न्हाई राहता येत आता."

बंकटला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. त्यानं तोंड उघडलं. बाहेर इंजिन खोकलं, तीनदा, आणि विझलं, आणि तो दारातलं भाकरीचं फडकं उचलायला गेला.

५

नाथानं त्याची होडी दिली. स्वतः यायला तयार झाला नाही.

"मी हितंच थांबतो. थाळी वाजवत ऱ्हातो. आवाजावरनं काठ कळंल तुमाला." मग बंकटला बाजूला घेऊन तो म्हणाला, "इंजिन लावू नको. वल्ह्यानं जा. आपलं इंजिन चालू आसंल तर त्येचं ऐकू यायचं न्हाई." जरा थांबून पुन्हा म्हणाला, "आन ऐकू आलं तरी लई जवळ जाऊ नको, बंकट."

साडेआठला ते निघाले. उज्ज्वला मधल्या फळीवर, बंकटकडे तोंड करून, दोन्ही हातांनी फळी धरून. काठ चार वल्ह्यांत दिसेनासा झाला. मागं नाथाची थाळी टण्ण, टण्ण वाजत होती, तीही पाण्यावर विरत विरत अगदी बारीक झाली. वर पांढरं, खाली पांढरं. पाणी फक्त वल्हं बुडायचं तेवढ्या जागेपुरतं होतं.

अंदाजानं मधे आल्यावर बंकटनं वल्ही आत घेतली.

इंजिन सुरू होताना दोरी ओढल्याचा आवाज येतो, पहिल्या दोन-चार ठोक्यांची खडखड येते. तसं काहीच झालं नाही. नऊ वाजले आणि ते नुसतं चालू असल्याचं कळलं, जणू आधीपासूनच चालू होतं आणि कानांतला बोळा तेवढा निघाला होता.

ते उजवीकडे होतं. मग पुढं. मग डावीकडे, मग बंकटच्या पाठीमागं. पाठीमागून जाताना वळून बघायचं धाडस त्याला झालं नाही. मग पुन्हा उजवीकडे. थोड्या वेळानं लाटा आल्या. चालत्या होडीमागं उठतात तशा, तिरप्या, एकामागून एक. नाथाची होडी डुलली. लाटांबरोबर जळक्या ऑइलचा वास आला.

"गोल फिरतंय," उज्ज्वला म्हणाली.

"व्हय."

"कावून?"

"हँडल सोडलं की होडी गोल फिरती."

ती ऐकत राहिली. एक फेरा पुरा झाला, लाटा येऊन गेल्या. अंतर दरवेळी तेवढंच. धुकं एखाद्या क्षणी विरळ व्हायचं आणि पाण्यावर फेसाची ताजी वाकडी रेघ दिसायची. तिच्या पुढच्या टोकाला काही नव्हतं.

"पर इंजिन बंद कावून व्हत न्हाई?" तिनं विचारलं. "माणूस पडला की बंद व्हतंय म्हणायचे. लाल दोरी व्हती ना हाताला? कदी इसरायचे न्हाईत ते. घरीसुदीक मनगटावर वळ दिसायचा."

बंकटनं होडीच्या तळाकडे बघत सांगितलं. स्विच, वायर, टेप, सगळं.  तो सांगत होता तोवर इंजिन त्यांच्याभोवती तीन वेळा फिरलं.

सांगून झाल्यावर त्यानं वर पाहिलं. त्याला वाटलं होतं ती ओरडेल, अंगावर येईल. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"त्यान्ला म्हाईत व्हतं?"

"न्हाई."

"पेट्रोल किती वेळाचं व्हतं?"

"अडीच तासाचं."

"मंजी अडीच तास ते होडीमागं पोहत व्हते."

 पंधरा दिवस बंकट या विचाराच्या अलीकडं थांबत आला होता. सोमेश्वर काठाकडे पोहत का गेला नाही? कारण होडी लांब जात नव्हती. दर फेऱ्याला ती त्याच्याकडेच येत होती. हातभर अंतरावरून जात होती. आत्ता हुकली, पुढच्या फेऱ्याला धरू, असंच त्याला दरवेळी वाटलं असणार. पुढच्या फेऱ्याला. त्याच्या पुढच्या.

"ऐका," उज्ज्वला म्हणाली.

इंजिनाच्या मागोमाग, दहा-बारा हातांवरून, आणखी एक आवाज फेरा घालत होता. पाण्यावर हात पडल्याचा. मग धाप. मग पुन्हा हात.

६

किती फेरे झाले ते बंकटनं मोजले नाहीत. एकदा त्यानं वल्ही बाहेर काढली, तेव्हा उज्ज्वलानं "न्हाई" एवढंच म्हटलं आणि त्यानं ती परत आत घेतली. तिनं हाका मारल्या. आधी "अहो" म्हणून, मग लग्न झाल्यापासून कधी घेतलं नव्हतं ते नाव घेऊन. हाका धुक्यात जिथल्या तिथं विरत होत्या. त्यांना प्रतिध्वनीसुद्धा येत नव्हता.

साडेअकराला इंजिन खोकलं. दोनदा, तीनदा. विझलं.

बंकटनं आता कुठं श्वास सोडला. संपलं. तीनही दिवस इथंच संपलं होतं. आता काठाकडं वळायचं. त्यानं थाळीचा कानोसा घेतला. थाळी वाजत नव्हती. नाथा नंतर शपथेवर सांगायचा की त्यानं हात एकदाही थांबवला नव्हता.

पोहण्याचा आवाज मात्र थांबला नाही.

तो आता गोल फिरत नव्हता, सरळ त्यांच्याकडे येत होता. अगदी दमलेला माणूस पोहतो तसा. दोन हात मारायचा, थांबायचा, धाप घ्यायचा, पुन्हा दोन हात. काठावर बसून ऐकणाऱ्याला हे कधी ऐकू आलं नसतं, इतका तो बारीक होता. रोज साडेअकरानंतर हे असंच चालत असणार, असं बंकटच्या ध्यानात आलं.

"हिकडं! हिकडं या!" उज्ज्वला फळीवरून पुढं सरकली.

"हलू नको! होडी..."

होडी एका अंगाला कलली. माणसाचं वजन लागल्यावर कलते तशी, तेवढीच. होडीच्या डाव्या काठावर चार बोटं आली. मग दुसऱ्या हाताची. तळव्यांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली, नखं निळसर. उजव्या मनगटावर लाल दोरी, आणि तिच्या टोकाला चाप लोंबत होती.

उज्ज्वलानं झडप घालून ते मनगट धरलं. "गरम हाय!" ती किंचाळली. "दादा, हात गरम हाय! जिते हायत! वढा, दादा, वढा!"

बाजूनं ओढू नये, हेच पहिल्यांदा बंकटच्या मनात आलं. मागच्या फळीकडून घ्यावं. पण तो मागंही सरकला नाही आणि पुढंही झाला नाही. काठावरून पाणी आत येत होतं. उज्ज्वला छातीपर्यंत बाहेर झुकली होती, तिचा एक पाय तळापासून सुटला होता. हातांच्या पलीकडं ओले केस वर आले, कपाळ आलं, आणि मग चेहरा. तोंड उघडं होतं, श्वासासाठी. बायको समोर हात धरून होती, पण ते डोळे तिच्याकडे नव्हते. तिच्या खांद्यावरून ते बंकटकडे बघत होते. त्यांत राग नव्हता. पुढच्या फेऱ्याला होडी हाताला लागेल असं वाटणाऱ्या माणसाचे डोळे होते ते.

बंकटनं वल्हं उचललं.

उज्ज्वला बुडू नये म्हणून उचललं, असं त्यानं पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण वल्हं खाली आलं तेव्हा त्याच्या मनात उज्ज्वला नव्हती. ते डोळे आपल्याकडं बघायचे थांबावेत, एवढंच होतं.

एकदा मारून हात सुटला नाही. त्यानं दुसऱ्यांदा मारलं.

ओरडणं आलं नाही. एक धाप अर्ध्यावर तुटली, उज्ज्वलाच्या हातातलं मनगट निसटलं, आणि होडी हलकी होऊन सरळ झाली.

७

तीनच्या सुमाराला धुकं पूर्ण निवळलं आणि नाथाला बॉडी दिसली. काठापासून फार लांब नव्हती.

ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या खोलीत पंचनाम्याला हवालदार आले होते. टेबलावर चादर होती. तरुण डॉक्टरांनी ती बाजूला केली, बराच वेळ बघितलं, आणि विचारलं, "कधी बुडाले म्हणालात?"

"पंधरा दिवस झाले," हवालदार कागद चाळत म्हणाले. "मिसिंगची नोंद हाय आपल्याकडं."

"पंधरा दिवस पाण्यात असलेलं शरीर मी पाहिलंय. ते असं नसतं." डॉक्टर जरा अडखळले. "हातापायांची कातडी खूप सुरकुतली आहे, पण बाकी... हे आजचं वाटतंय. आणि या डाव्या हाताची दोन बोटं मोडली आहेत. तीही ताजीच."

खोलीत फिनाईलचा वास होता. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू झाली आणि बंकटनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली. उज्ज्वला भिंतीला टेकून उभी होती.  पदर अजून ओला होता. हातातल्या बांगड्या तिनं स्वतःच उतरवल्या होत्या, नाथानं बॉडी काठाला आणली तेव्हा, कुणी सांगायच्या आत.

हवालदारांनी घसा साफ केला. नियमाप्रमाणे विचारायचंच होतं. "बाई, तुमी मयताला शेवटचं जिवंत कवा बघितलं?"

"आज," उज्ज्वला म्हणाली. "साडेअकराला. होडीला हात लागला व्हता त्यांचा."

हवालदारांचं पेन थांबलं. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग दयेनं मान हलवली आणि आपली खुर्ची बंकटकडे सरकवली. "त्यांच्या मनाला धक्का बसलाय. तुमी थोरले ना? तुमी सांगा. पंधरा दिवसामागचीच तारीख टाकतो, म्हंजी मिसिंगच्या नोंदीला जुळंल. बरोबर हाय ना?"

नुसतं "हो" म्हणायचं होतं. तेवढ्यावर सगळं मिटणार होतं. पेन कागदावर टेकलेलं होतं. उज्ज्वला त्याच्याकडे बघत नव्हती. ती चादरीबाहेर राहिलेल्या हाताकडे बघत होती.

"तारीख आजची टाका," बंकट म्हणाला. "ती खरं बोलती. मी तिथंच व्हतो, आन वल्हं माझ्या हातात व्हतं."